माइकवर हात ठेवून

हसुराम मढवीचा आवाज
गोठिवलीच्या गावदेवी मैदानात तुम्ही सगळ्यांनी ऐकला.
मी त्याच्या डाव्या हाताला बसायचो, गुणपत्रक घेऊन,
सव्वीस हिवाळे.
मला ऐकू यायचं
ते तो माइकवर पंजा ठेवून बोलायचा, ते.

माइकमधून:
"चढाईला निघालाय सात नंबर, केसरीनाथ!
याचा आजोबा पदू नाखवा
ऐन भरतीत खाडी पोहून ऐरोलीहून मुलुंडला
स्वतःच्या लग्नाला गेला होता.
वऱ्हाड होडीत, नवरा पाण्यात!"
पंजाखाली:
"खोटं हाय. पन पोराचा पाय कसा उचलला बग."
आणि पोरगं खरंच बोनस घेऊन यायचं,
मी खडूने, म्हणजे आधी खडूने, मग स्केचपेनने,
एक आकडा वाढवायचो.

मग त्याच दमात,
"एमएच त्रेचाळीस, पांढरी स्कूटर, देवळाच्या दारातून काढा,
गुरव ताटकळलाय.
पुढच्या पकडीला एकावन्न रुपये रोख,
बेबीबाई भोईर, सुकट-बोंबीलवाल्या, यांच्याकडून.
हिरव्या फ्रॉकची मुलगी स्टेजपाशी आहे,
रडत नाही, वडापाव खातेय,
पालकांनी सावकाश यावं."

नोकरी रंगाच्या कंपनीत,
ठाणे-बेलापूर रस्त्यावर, बहुतेक दुसरी पाळी.
नखांच्या कडांना निळं काहीतरी उरलेलं असायचं
साबणाला न जुमानणारं.
पहिला खोकला आला तेव्हा
त्याने पंजा ठेवला माइकवर.
नंतर पंजा तिथे जास्त वेळ राहू लागला.
शेवटच्या वर्षी, उपांत्य सामन्यात, मी मोजलं
(हाताला सवय, दुसरं काय):
चाळीस मिनिटांत एकतीस वेळा.
लोकांना वाटलं, मशीन बिघडलं.
साउंडवाल्या तुषारला आईवरून शिव्या पडल्या.
त्याने वायरी हलवल्यासारखं केलं
आणि निमूट खाल्ल्या.

वाशीच्या दवाखान्यात, नाकात नळी,
समोरच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याचं गोत्र काढून झालेलं.
सिस्टर आत आली की हा पुटपुटायचा,
"मैदानात उतरत आहेत..."
पुढे दम पुरायचा नाही.
वाक्य तीच संपवायची,
"सिस्टर लिजी, मूळ गाव कोट्टायम,"
आणि सलाईनकडे बघत राहायची.

दहाव्याला कुणीतरी म्हणालं,
चढाईला गेला, परत आलाच नाही.
मला नाही आवडलं.
तो स्वतः शोकसभेत असलं काही बोलू द्यायचा नाही.
"मेलेल्याला मेला म्हणा. खेल मधी आनू नका.
खेलात बाद झालेला परत उठतो."

या जानेवारीत
उद्घाटनाच्या सामन्याआधी चिठ्ठी माझ्याकडे आली.
वर्षभरात गेलेल्यांची नावं
तो न बघता म्हणायचा, कोण कुठे खेळायचा त्यासकट:
डावा कोपरा, उजवा मध्यरक्षक,
आणि एक नुसताच प्रेक्षक, जांभळाखालचा.
मी बघून वाचली.
शेवटचं नाव: हसुराम गणपत मढवी.
जागा लिहिलेली नव्हती.

माणसं उभी राहिली. टोप्या निघाल्या.
माझा पंजा आपोआप माइकवर गेला.
उजवीकडच्या खुर्चीवर
तुषारने एक्स्टेन्शन बोर्ड ठेवला होता.
पंजाखाली मी बोललो काहीतरी.
ते गुणपत्रकात नाही, इथेही लिहिणार नाही.

दोन मिनिटं कधीच होऊन गेली होती.
"धन्यवाद, स्थानापन्न व्हावे" हे सांगणारं कुणी नव्हतं
म्हणून अख्खं मैदान उभंच.
पंच उभे, चणेवाला उभा,
पहिल्या रांगेतलं एक पोरगं एका पायावर.
घड्याळात तीन मिनिटं चाळीस सेकंद.

मग मी हात काढला
आणि माझ्या पातळ, आकडे मांडणाऱ्या आवाजात म्हणालो,
बसा.
आणि गेटात कुणाची तरी रिक्षा आहे,
काढा ती.